कोरड्या दिवसाची नोंद

पाऊस पडल्यावर पर्जन्यमापक उघडतात, हे कुणालाही समजेल. पण भाद्रपद सरत आलेला, ऊन नुसतं भाजून काढतंय, दहा दिवस आभाळातून थेंब नाही, आणि तरीही मुरूडमध्ये एक माणूस सकाळी साडेआठला घड्याळ बघून पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलतो, हे पाहिलं आणि मी तिथेच थांबले. त्याने आतली बाटली काढली, मोजपात्रावर उपडी धरली, हलवली. काहीच पडलं नाही. वहीत तारखेपुढे लिहिलं: ०.०.

मग नरसाळ्यात बोट फिरवून त्याने कोळ्याचं जाळं पुसून काढलं. "हे राहिलं तर पहिलीच सर अडते," तो म्हणाला. मी विचारलं, कोरडं आहे हे दिसतंच आहे, उघडायचं कशाला? "रात्री एखादी सर येऊन गेली, आपण झोपलेलो, सकाळी जमीन सुकलेली. बाटली बघितल्याशिवाय शून्य लिहायचं नाही." त्याने वहीचं पान माझ्याकडे फिरवलं. एकाखाली एक शून्यं. "आज अकरावा दिवस."

साडेआठ ही वेळ त्याने ठरवलेली नाही. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि ठरल्याप्रमाणे जगभरच्या वेधशाळा त्याच क्षणी आपापल्या नोंदी घेतात. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेलं पाणी हा आजच्या तारखेचा पाऊस. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर तो 'पावसाचा दिवस'. कमी भरला तर आकडा वहीत येतो, पण दिवस पावसाचा धरत नाहीत. हा २.५ चा आकडा त्याने मला दोनदा सांगितला. तेव्हा मी तो नुसता टिपून घेतला होता.

तिथून मी आगरदांड्याला गेले. दिघीला जाणारी जंगल जेटी लागायच्या आधीच वास येतो. सुकत घातलेल्या जवळ्याचा. हा वास पुढचे दोन दिवस माझ्या ओढणीतून गेला नाही. जुन्या जाळ्यांवर गुलाबी जवळा पसरलेला, आणि एक कोळीण मावशी तो हाताने खालवर करत होती. मी हवामानाचं विचारतेय म्हटल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "बाय, उद्या आभाळ येनार नाय ना? अजून दोन दीस ऊन पायजे." ओला जवळा एका रात्रीत काळा पडतो, मग त्याला कोणी विचारत नाही. तिच्या लेखी हे अकरा दिवस देवाने दिलेले होते.

खाडीकाठच्या भातखाचरात मात्र कुणी देवाचं नाव घेत नव्हतं. तिथली काकी बांधावर बसली होती. तिचं भात हळवं, पोटरीतून नुकतंच निसवायला लागलेलं. तिने एक ताट वाकवून माझ्या हातात दिलं. लोंबी अर्धी बाहेर, अर्धी पानाच्या आवरणात अडकलेली, टोकाचे दाणे पांढरे. दाबला तर आत काही नाही. "पळींज," ती म्हणाली. खाचराच्या तळाला बोटभर भेगा होत्या, आणि त्यांच्या कडेला पिठासारखी पांढरी रेघ. मी जिभेला लावून पाहिली. मीठ.

खारपाटातली शेती ही अशी असते. खाचरात गोडं पाणी उभं असतं तोवर खार खाली दबून राहतो. पाणी आटलं की जमिनीतली ओल वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. वरकस जमिनीवरचं भात नुसतं तहानतं, इथलं तहानतं आणि वर खारटही होतं. "अकरा दीस," काकी म्हणाली. तोच आकडा. तिच्याकडे वही नव्हती, पण हिशेब चुकला नव्हता.

तिच्या मुलाने फोनवर आलेला कृषी हवामान सल्ला दाखवला. हवामान खातं आणि दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो काढतात. पोटरी ते दाणे भरण्याच्या काळात खाचरात ५ ते १० सेंटिमीटर पाणी ठेवावं, असं त्यात होतं. शास्त्राने अगदी बरोबर. पण काकीच्या विहिरीचं पाणी भाद्रपदातच मचूळ लागायला लागलेलं. ते सोडायचं म्हणजे मिठात मीठ.

अंदाजाची ओळ होती: रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलका पाऊस. 'तुरळक' हा शब्द आपण कसाही वापरतो, पण हवामान खात्यात त्याला माप आहे. त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे फार तर चारात एक. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. म्हणजे अंदाज लबाड नाही, तो सरळ सांगतोय की चारातल्या तिघांकडे पडणार नाही. पण आपण त्या तिघांत की चौथे, हे काकीला सांगणारं त्यात काही नाही. गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा जो दूरचा अंदाज निघतो, त्यात तर कोकण आणि गोवा मिळून एकच उपविभाग. पालघर आणि पणजी एका रंगात.

मला अंदाज करणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा इशारा आधी आला होता. मावशी आजही सांगते, "बोलले तसंच झालं." वादळ शेकडो किलोमीटरचं असतं, ते दुरून दिसतं. सप्टेंबरची सर एका वाडीवर पडते आणि पुढची वाडी कोरडी ठेवते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि सह्याद्रीला धडकून कोकणात पाऊस देतात. तिकडे काही नसेल, तर इकडे असं ऊन. काकीचा मुलगा म्हणूनच पहिल्यांदा विचारत होता, "बंगालात काय उठलंय का?"

खटकतो तो सरासरीचा हिशेब. १९ टक्के वर किंवा खाली असेपर्यंत जिल्ह्याचा पाऊस 'सामान्य'. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या रायगडात अकरा कोरडे दिवस त्या बेरजेत कुठे दिसणार? २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीहून ३६ टक्के कमी. सप्टेंबरने त्यातलं काही भरून काढलं आणि मोसम ९४ टक्क्यांवर संपला. कागदावर भरपाई झाली. पण ऑगस्टमध्ये वाळलेल्या रोपाला सप्टेंबरचं पाणी चालत नाही.

खारपाटाला गावागणिक एक पर्जन्यमापक हवा, आणि साडेआठला तो उघडणारा एक माणूस. चारातला चौथा कोण, हे अशा नोंदी वर्षानुवर्षं साठल्याशिवाय कुठल्याही संगणकाला कळणार नाही. मुरूडमधल्या त्या माणसासारखी माणसं गावात असतात. त्यांच्या हातात नरसाळं आणि वही द्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी त्याला फोन केला. रात्री एक सर झाली होती. वहीत ३.२. अडीचच्या वर, म्हणजे पावसाचा दिवस. कोरड्या दिवसांची मोजणी अकरावर थांबली. मग काकीच्या मुलाला केला. त्याने फोन तिच्याकडे दिला. मुरूडच्या अंगाला वीज चमकताना तिने पाहिली होती. दोन ठिकाणांत दहा किलोमीटरचंही अंतर नाही.

"इथं काय नाय पडला," ती म्हणाली. "आज बारा झाले."