रक्तातला खबऱ्या

लॅबच्या रिपोर्टवर ‘अँटी-यो’, ‘अँटी-हू’, ‘अँटी-री’ असे शब्द दिसले की रुग्णाचे नातेवाईक बुचकळ्यात पडतात. ही रसायनांची नावे नव्हेत. ज्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडली, त्यांच्या आडनावांची ती पहिली अक्षरे! न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातल्या जेरोम पॉस्नर यांच्या गटाने ही रीत पाडली.

यातली ‘यो’ची गोष्ट चटका लावणारी. धडधाकट बाई काही आठवड्यांत झोकांड्या खाऊ लागते, जीभ जड होते, कप तोंडापर्यंत नेताना चहा सांडतो. पाहणाऱ्याला वाटावे, दारू प्यायली आहे. बिघाड असतो लहान मेंदूत, पण सुरुवातीचा एमआरआय बहुधा स्वच्छ असतो. मूळ दुखणे असते भलतीकडेच, अंडाशयात किंवा स्तनात. कित्येकदा कर्करोगाची कुणाला चाहूलही नसते.

कर्करोग आणि लहान मेंदू यांचा हा संबंध १९५१ मध्ये ठळकपणे मांडणाऱ्या इंग्लंडमधल्या तिघांपैकी एकाचे आडनाव होते ब्रेन. पुढे ते ‘ब्रेन’ याच नावाच्या नियतकालिकाचे संपादकही झाले. (कादंबरीत असे लिहिले असते, तर संपादकाने खोडले असते.)

घडते ते असे. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींमध्ये असणारे एक प्रथिन गाठीतल्या पेशीही बनवू लागतात. शरीराचे सैनिक गाठीवर तुटून पडतात, पण तेच प्रथिन मेंदूतही भेटते आणि सुक्याबरोबर ओलेही जळते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये प्रागच्या परिषदेत दाखवलेल्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मग खुनी कोण? प्रतिपिंड, असे वाटणे साहजिक आहे. पण ‘यो’चे लक्ष्य पेशीच्या आत दडलेले असते आणि १९९८ मध्ये रॉबर्ट डार्नेल यांच्या गटाला अशा रुग्णांच्या रक्तात तेच प्रथिन ओळखणाऱ्या मारक टी-पेशी सापडल्या. तेव्हापासून मुख्य संशय त्यांच्यावर आहे. प्रतिपिंड हा खबऱ्या. म्हणूनच ‘रक्त गाळून प्रतिपिंडे काढली की बाई चालू लागेल’ या आशेत फारसा दम नाही. खबर मिळताच गाठ शोधून काढणे, हाच त्याचा खरा उपयोग.

आडनावांच्या या यादीत एक अपवाद आहे : ‘टीआर’. हे रुग्णाचे नाही, डॉक्टरचे नाव. हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या रक्तात पर्किंजे पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे जॉन ट्रॉटर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच दाखवली होती, ‘यो’च्या कितीतरी आधी. ‘टीआर’ नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते, हे कळायला मात्र २०१२ साल उजाडले.