ताबा साखरेवर (लेखांक ९) : पोळी सोडली, भाकरी धरली, तरी साखर हटेना

पायांच्या काळजीवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात नक्की. मध्येच साक्री तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आणि ते मागे ठेवावंसं वाटेना. ताई लिहितात, "यांना शुगर निघाल्यापासून घरात गव्हाची पोळी बंद केली. दोन्ही वेळा ज्वारीचीच भाकर. गोड नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी जेवणानंतरची शुगर 230-240च्या खाली येत नाही. आता आणखी काय सोडायचं?"

हा प्रश्न धुळ्यात मला देवपुरापासून पारोळा रोडपर्यंत सगळीकडे भेटतो. ताई, आणखी काही सोडू नका. आधी मोजा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नाचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात 100 ग्रॅम गव्हाच्या कणकेत साधारण 64 ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि तेवढ्याच ज्वारीत 68. तंतू गव्हात 11 ग्रॅम, ज्वारीत 10. म्हणजे पोळीची भाकरी केल्याने साखर बनणारा माल कमी झाला नाही, कणभर वाढलाच. ज्वारी वाईट नाही, आपल्या मातीतलं उत्तम धान्य आहे. पण "भाकरीने शुगर वाढत नाही" हा समज खानदेशात फार पक्का बसलाय आणि त्याच्या भरवशावर माणसं दोन-दोन भाकरी निर्धास्त चुरून खातात.

खरी गोम आकारात आहे. घरच्या वजनकाट्यावर मी परातीतला भाकरीचा गोळा थापण्याआधी ठेवून पाहिला. आपल्याकडच्या मोठ्या भाकरीला 80 ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. घडीच्या पोळीला लागतं 25 ते 30 ग्रॅम. एक भाकरी म्हणजे जवळजवळ तीन पोळ्या! दोन पोळ्या सोडून दोन भाकरी धरणाऱ्याने जेवण कमी केलं नाही, अडीच-तीन पट केलं. ताईंनी आज संध्याकाळीच पिठाचं वजन करावं. निम्मं उत्तर तिथेच सापडेल.

यावर हमखास येणारा सवाल असा, की आमचे आजोबा चार भाकरी खायचे, त्यांना काही झालं नाही. आजोबा दिवसभर नांगरामागे चालायचे, हे पहिलं कारण. आपल्याला ती मोकळीक का नाही, याचं दुसरं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगापुढे मांडलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, एकच : 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्याही अंगात चरबी अशी दडून असते. स्नायू कमी, पोटाभोवती चरबी जास्त, त्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं. "मी कुठे जाड आहे" हे समाधान म्हणूनच आपल्या कामाचं नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो : कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे काळे उडीद सालासकट घालून दळलेलं ते पीठ. सोबत ठेचा, कच्चा कांदा किंवा वांग्याचं भरीत. अख्ख्या उडदात 100 ग्रॅमला कर्बोदकं 44 ग्रॅम, प्रथिनं 22 आणि तंतू 20. ज्वारीच्या दुप्पट तंतू आणि दुपटीहून जास्त प्रथिनं. असं अन्न पोटातून हळू पुढे सरकतं आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

कडधान्यांचा आणखी एक गुण आहे. टोरांटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी 1981 मध्ये ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कोणतं अन्न रक्तातली साखर किती चढवतं ते मोजण्याची, कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने दाखवलं, की सकाळी ब्रेडऐवजी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरही साखर कमी चढते. एका जेवणातल्या डाळीचा फायदा पुढच्या जेवणालाही मिळतो.

मात्र हिशेब चोख ठेवू. चारास एक उडीद घातले तर 100 ग्रॅम पिठातली कर्बोदकं 68 वरून 63 वर येतात, बस. निम्मेनिम केलं तर 56. म्हणून कळण्याचीही भाकरी अर्धीच घ्या आणि ताटातली उरलेली जागा भरीत, मेथी, काकडी आणि घट्ट वरणाने भरा. रविवारच्या वरण-बट्टीलाही हाच नियम : वरण वाढवा, बट्टी मोजा. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

हे माझं ऐकून मानू नका, आपल्याच बोटावर तपासा. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा, अशी जोडीने साखर बघा. एक दिवस नेहमीचं ताट, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अर्ध्या भाकरीचं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज नको; पण अशा चार पट्ट्या महिनाभर भलत्या वेळी टोचलेल्या पट्ट्यांपेक्षा जास्त शिकवतात. बोट बाजूने टोचा, मधोमध दुखतं. त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं सोलून किंवा आंबा पिळून तसंच बोट टोचलं तर फळाची साखर थेंबात मिसळते आणि आकडा खोटाच चढतो. मीटर 15 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून 172 आणि 180 यांतल्या फरकाने ना आनंदायचं ना घाबरायचं. 240 चे 180 झाले, तर ते खरं यश.

ताट सुधारलं की जेवणानंतर दहा मिनिटं चाला. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला 2016 चा अभ्यास टाइप टू मधुमेहाच्या 41 रुग्णांवर होता. दिवसात कधीही एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. आपलं जड जेवण रात्रीचंच. पांझरेकाठी जायलाच हवं असं नाही, गल्लीतल्या गल्लीत चार चकरा पुरतात.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी भाकरी एकदम निम्मी करू नये. औषध जुन्या ताटाच्या हिशेबाने दिलेलं असतं. ताट घटलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायक खाली जाते. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, साखर 70 च्या खाली आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांना साखरेच्या नोंदींची वही दाखवा, डोस ते कमी करतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

तर ताई, आणि ताईंसारखे सगळेच, या आठवड्यात एवढंच करा : पिठाचं वजन, दोन दिवस, चार पट्ट्या. ताटात काय होतं ते आणि त्यापुढे दोन आकडे वहीत लिहा आणि मला कळवा. पुढच्या आठवड्यात पाय. तोवर रोज रात्री झोपताना तळपायाकडे उजेडात नीट बघायची सवय आजपासूनच लावून घ्या.