सामरीचे वतन

भयपटांचा रसिक हा आपल्या सुशिक्षित समाजात काहीसा अंग चोरून वावरणारा मनुष्य आहे. नाट्यसंगीताची आवड असलेला गृहस्थ ती चारचौघांत अभिमानाने सांगतो, क्रिकेटचा शौकीन तर न विचारताही सांगतो. पण ‘पुराना मंदिर’ हा चित्रपट आपण आवडीने, पुनःपुन्हा, आणि टिंगल करण्याच्या हेतूने नव्हे तर मनापासूनच्या स्नेहाने पाहतो असे एखाद्याने बोलून दाखवले, की बैठकीतील मंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी विषय पावसापाण्याकडे वळवतो. वास्तविक भरतमुनींनी नाट्यातील आठ रसांची गणना करताना भयानक आणि बीभत्स यांना शृंगार-वीरांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे, आणि त्याबद्दल कोणा पंडिताने तक्रार गुदरल्याचे ऐकिवात नाही. लोकांची तक्रार रसाबद्दल नसून खर्चाबद्दल आहे, असा माझा जुना संशय आहे. तेच भय विपुल भांडवलावर आणि नामांकित नटांना घेऊन निर्माण केले तर ती कला ठरते. थोडक्या पैशांत, मुखवट्याची कड मानेपाशी दिसत असताना निर्माण केले तर तो पोरखेळ ठरतो. या लेखाचा विषय तो पोरखेळ आणि त्याचे पुढचे भाग हाच आहे.

आपल्या देशात या प्रकाराची रुजवात ज्या घराण्याने केली, त्याचे मूळ आडनाव रामसिंघानी. फत्तेचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते, आणि ते लांबलचक आडनाव उच्चारताना गोऱ्या गिऱ्हाइकांची जीभ अडखळे म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले, अशी त्या कुटुंबात सांगितली जाणारी हकिकत आहे. फाळणीनंतर ते मुंबईस आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचे दुकान मांडले, आणि दुकानाच्या जोडीला चित्रनिर्मितीचा नाद त्यांना लागला. १९५४ मध्ये ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’, १९६३ मध्ये ‘रुस्तुम सोहराब’ आणि १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ असे चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले. यांपैकी शेवटला चित्रपट साफ पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर विद्रूप मुखवटा आणि अंगभर चिलखतासारखा वेष चढवून वस्तुसंग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि पिटातले प्रेक्षक तेवढ्या प्रसंगासाठी थेटरात येऊन बसतात, ही गोष्ट फत्तेचंदांच्या मुलांच्या नजरेतून सुटली नाही. ज्या प्रसंगासाठी लोक तिकीट काढतात तोच प्रसंग अडीच तास लांबवावा, एवढी साधी तजवीज त्यांनी वडिलांपुढे मांडली. धंद्याच्या दृष्टीने याहून शहाणपणाची दरखास्त त्या काळच्या हिंदी चित्रसृष्टीत क्वचितच कोणी मांडली असेल.

मुलगे एकूण सात. कुमार पटकथा लिहीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, गंगू कॅमेरा सांभाळीत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करीत, आणि केशू निर्मितीची व छायालेखनाची पडेल ती बाजू उचलीत. चित्रविद्येचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. जोसेफ मास्केली या अमेरिकन छायालेखकाचा १९६५ साली प्रसिद्ध झालेला पाठ्यग्रंथ त्यांनी पुढ्यात घेतला आणि त्याबरहुकूम कॅमेऱ्याची घोकंपट्टी केली. पुढे हे सारे बिऱ्हाड बसमध्ये भरून महाबळेश्वरास गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले, आणि तेथील धुक्याचा, ओल्या झाडीचा व जुन्या वास्तूंचा पुरेपूर उपयोग करून १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट त्यांनी सिद्ध केला. खर्च सुमारे साडेतीन लाख रुपये आला असे सांगतात. घरच्या स्त्रिया स्वयंपाक पाहत होत्या, घरचीच माणसे दिवे उचलीत होती, आणि ज्याला अन्य काम नसेल त्याला प्रेत म्हणून निजवण्याची मुभा होती! महाबळेश्वरचे धुके फुकट मिळते, ही गोष्ट तेथे वर्षानुवर्षे हवापालटासाठी जाणाऱ्या कोणाही निर्मात्यास तोवर सुचली नव्हती.

त्यानंतर ‘दरवाजा’, ‘गेस्ट हाऊस’, ‘दहशत’, ‘सन्नाटा’ अशी रांगच लागली. १९८१ च्या ‘हॉटेल’मध्ये एक व्यावसायिक भोळ्या पाद्र्याला फसवून ख्रिस्ती दफनभूमीची जागा घशात घालतो आणि तिच्यावर हॉटेल उभारतो, मग उखडलेले मृतात्मे आपली मिळकत परत मागण्यास येतात. मुंबईच्या जमिनीचे भाव पाहता या कथेस निव्वळ कल्पित म्हणणे मला कधीच साधलेले नाही.

पण या घराण्याचे खरे कर्तृत्व म्हणजे १९८४ चा ‘पुराना मंदिर’. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमानसिंगाचा लवाजमा रानातून जात असता एका पडक्या देवळाजवळ अडतो, राजकन्या कुतूहलाने आत शिरते, आणि सामरी नावाचा नराधम तिच्यावर झडप घालतो. राजा त्याला पकडून देहान्ताची शिक्षा फर्मावतो. मात्र नुसता ठार मारून तो मरणार नाही म्हणून शिर निराळे करून ते हवेलीत पेटीबंद करावे आणि धड देवळामागे पुरावे, असा हुकूम सुटतो. मरताना सामरी शाप देतो, की या कुळातील प्रत्येक स्त्री प्रसूतीच्या वेळीच मरेल. ही प्रस्तावना पडद्यावर पाहण्यासारखी आहे. निळ्या प्रकाशात न्हालेले रान, जमिनीलगत सरपटणारा धूर, कोठून येतो याचा खुलासा न होणारा तांबडा उजेड, आणि कॅमेरा एकदम पुढे झेपावून सामरीच्या डोळ्यांवर येऊन ठाकतो तो क्षण. रसिकाला ठाऊक असते की दिव्यांवर रंगीत कागद लावलेले आहेत आणि धुराचे यंत्र चौकटीच्या जरा बाहेरच धापा टाकीत असणार. परंतु हे ठाऊक असल्यामुळे भय उणावत नाही, उलट त्यात एक प्रकारची आपुलकी मिसळते. डोळ्यांदेखत बांधले जाणारे भय आणि बांधणाऱ्यांचे उघडे हात दोन्ही एकाच वेळी दिसावेत, हे सुख भारी खर्चाच्या गुळगुळीत भयपटात लाभत नाही. त्या चित्रपटांतून हात कटाक्षाने पुसून टाकलेले असतात.

सामरीचे काम करणारे अनिरुद्ध अगरवाल हे रुरकीस शिकलेले स्थापत्य अभियंते. पीयूष ग्रंथीच्या विकारामुळे त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण असाधारण झाली होती. ज्या व्याधीने दुसऱ्या कोणास कायमचे घरी बसवले असते, तिने त्यांना हिंदी पडद्यावरचा सर्वांत लक्षात राहणारा राक्षस केले. त्यांना रंगभूषा फारशी लागत नसे असे म्हणतात ते अर्धसत्य आहे. त्यांची संथ, मान न वळवता येणारी चाल हा अभिनय आहे, आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. त्याच चित्रपटात हवेलीचा राखणदार दुर्जन झाले आहेत आपले सदाशिव अमरापूरकर. ‘अर्धसत्य’मधील रामा शेट्टीनंतर अवघ्या वर्षभराने, समांतर चित्रपटाच्या प्रतिष्ठेतून थेट सामरीच्या ओसरीवर आलेला तो नट इथेही तितक्याच इमानाने उभा राहिलेला पाहून मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटतो.

आता पुढच्या भागांविषयी. ‘पुराना मंदिर’ला लोकांनी डोक्यावर घेतल्याबरोबर दुसऱ्याच वर्षी ‘सामरी’ आला, आणि तोही त्रिमिती. भाबड्या प्रेक्षकास वाटावे की जळालेला सामरी कसा उठला याचा काही जाबजबाब मिळेल. तसे काही नाही. नाव तेच, नट तोच, कथा मात्र सर्वस्वी निराळी; येथे सामरी हा तंत्रविद्येचा उपासक, मालमत्तेच्या लोभाने आप्तांनीच त्याचा खून केलेला, आणि म्हणून सूड घेण्याचा त्याचा हक्क बराचसा न्याय्य. मागच्या खेपेचा नराधम या खेपेस फिर्यादी झाला! तर्काच्या कसोटीवर हा प्रकार टिकत नाही, हे उघड आहे. पण भयपटाच्या पुढच्या भागाचा कायदा तर्काचा नसून वतनाचा आहे. वतनदार मरतो, गावावरचा अंमल बदलतो, दप्तरे जळतात, तरी वतन चालूच राहते. तद्वत पहिल्या भागाच्या अखेरीस राक्षसाला जाळा, पुरा, नाही तर त्रिशूळ खुपसा, त्याच्या नावाची सनद अबाधित राहते आणि पुढचा निर्माता ती पुढे चालवतो.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील मिशिगन प्रांतातल्या सॅम रायमी, रॉबर्ट टॅपर्ट आणि ब्रूस कॅम्पबेल या विशीच्या आसपासच्या तरुणांनी १९७८ मध्ये एक छोटा नमुन्याचा चित्रपट केला, तो दाखवून भांडवल गोळा केले, आणि टेनेसीच्या जंगलातील एका मोडक्या झोपडीत थंडीने कुडकुडत ‘द ईव्हिल डेड’ चित्रित केला. फळीवर कॅमेरा बांधून दोघांनी तो धरून झाडांतून धावत सुटायचे, की अदृश्य पिशाच धावते आहे असा भास होई. रक्त म्हणजे मक्याचा पाक. १९८१ साली तो डेट्रॉइटला प्रथम दाखवला गेला, स्टीफन किंगने त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि इंग्लंडात मात्र पोलिसांनी त्याच्या व्हिडिओ कॅसेटींची जप्ती केली. १९८७ मध्ये प्रदर्शित झालेला दुसरा भाग करताना अडचण अशी आली, की पहिल्या भागातील दृश्ये वापरण्याचा हक्क निर्मात्यांकडे उरला नव्हता. तेव्हा रायमीने मागील कथा कमी पात्रांत आटोपशीर करून नव्याने चित्रित केली आणि लगोलग पुढे हाकली. हा पुढचा भाग की पहिल्याचीच नवी आवृत्ती, यावर शौकीन मंडळी आजही हमरीतुमरीवर येतात. कज्जा मालकीहक्काचा होता. त्याचे रूपांतर सौंदर्यशास्त्राच्या वादात झाले आहे.

मराठीत याचा दाखला म्हणजे महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’. अमेरिकन ‘चाइल्ड्स प्ले’वरून उचललेली बाहुल्याची कल्पना, रामदास पाध्यांच्या हातचा तात्या विंचू, आणि त्याच्यापुढे गाळण उडालेले लक्ष्मीकांत बेर्डे. दुसरा भाग आला तो वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, आणि सामरीप्रमाणेच त्रिमितीत. दरम्यान बेर्डे गेले होते. म्हणून कथेतला लक्ष्या जाऊन त्याच्या मुलामागे तात्या विंचू लागला. नायकाला मृत्यू आहे, बाहुल्याला नाही. तंत्राच्या दृष्टीने हा दुसरा भाग पहिल्याहून सरस असूनही पहिल्याची सर त्याला आलेली नाही, याचे कारण केवळ लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा अभाव हे नव्हे. पहिल्या खेपेस बाहुला एका कसबी माणसाच्या हातात होता आणि ते जाणवत होते.

या चित्रपटांत दोष नाहीत असे म्हणण्याइतका मी आंधळा नाही. रामसे बंधूंच्या कॅमेऱ्याला स्नानगृहाचे जे आकर्षण आहे ते भयरसाशी दूरान्वयानेही संबंधित नाही, आणि स्त्रीच्या शरीराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी सामरीच्या दृष्टीहून फार निराळी नाही, ही गोष्ट समर्थक मंडळी सोयिस्करपणे विसरतात. विनोदी उपकथानक तर बहुधा असह्य असते. शिवाय सेन्सॉरच्या कात्रीने ऐन मोक्याचे तुकडे उडालेले असल्यामुळे हात उगारलेला राक्षस आणि आडवे झालेले प्रेत यांच्यामध्ये नुसता एक झटका तेवढा उरतो. मात्र या झटक्याला शौकीन सरावलेला असतो. ‘अ’ प्रमाणपत्राचे हे चित्रपट तालुक्याच्या गावी जीर्ण झालेल्या प्रतींवर चालत, आणि सेन्सॉरने कापलेले कोणते व मशीनमध्ये तुटलेले कोणते, हे ओळखणे हाही एक छंद होता.

त्याच छंदाचा दुसरा प्रकार म्हणजे जागा ओळखणे. मुरूडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा रामसेंच्या पडद्यावर वारंवार भेटतो, आणि एकदा ती समुद्रावरची कमानदार इमारत ओळखीची झाली की प्रत्येक चित्रपट मागल्या चित्रपटाचा पुढचा भाग वाटू लागतो. पात्रे बदलली, शाप बदलला; जिना तोच. १९९३ पासून झी वाहिनीवर ‘झी हॉरर शो’ दर आठवड्याला घरात येऊ लागला तेव्हा हे वतन दिवाणखान्यापर्यंत पोहोचले, आणि थेटरातला धंदा बसला. पुढे मोंडो मॅकाब्रो या परदेशी कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाजा’ नीटनेटक्या स्वरूपात प्रसिद्ध केले; २०१७ मध्ये शाम्य दासगुप्ता यांनी या घराण्याचा साद्यंत वृत्तान्त इंग्रजीत ग्रंथरूपाने लिहिला. तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम त्यानंतर वर्षभराच्या आत.

ज्यांना हे सारे वाचून एकदा पाहावेसे वाटत असेल त्यांनी आरंभ ‘पुराना मंदिर’पासून करावा, रात्री, घरातली मंडळी निजल्यावर, आणि हसण्याचा निश्चय आधीच करून बसू नये. मग १९८८ चा ‘वीराना’ आणि १९९० चा ‘बंद दरवाजा’ पाहावा. ‘सामरी’ सर्वांत शेवटी, अपेक्षा बेताच्या ठेवून. त्रिमितीचा चष्मा नसल्यामुळे त्यातल्या प्रेक्षकांच्या अंगावर फेकलेल्या वस्तूंचे प्रयोजन कळणार नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. आणि ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप यांचा मच्छरसिंग डाकू ‘शोले’ची नक्कल करीत अवतरला, की खुशाल उठून चहा टाकावा. आपण परत येईपर्यंत कथानक जागचे हललेले नसते.