वेग वाढवताना विजेची मर्यादा पाळा

कॉलेजला जाताना काटकसरीने घेतलेला संगणक दोन-तीन वर्षांत मंद वाटू लागतो. नवा घेण्याची ऐपत नसते. मग मित्र ‘ओव्हरक्लॉकिंग’ सुचवतात. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वरवर पाहता हे फुकटात होते. पण त्यासाठी जास्त वीज लागते आणि ती मदरबोर्डमधूनच यावी लागते.

प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के वाढवले, तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. तिची उष्णताच होते.

मदरबोर्ड १२ व्होल्टचा पुरवठा सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवतो. १.२ व्होल्टवर १२० वॅट द्यायचे तर १०० अँपिअर प्रवाह लागतो. घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो, यावरून कल्पना यावी. स्वस्त बोर्डावर हे काम करणारे भाग मोजके असतात आणि त्यांवर उष्णता शोषणारी पट्टीही अनेकदा नसते. हृदयाची धमनी अरुंद असली, की जिना चढताना छातीत दुखते. इथेही तसेच होते. बोर्ड तापतो आणि वेग उलट घटतो.

मग कमी खर्चात काय करावे? आधी धूळ काढावी, वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. बायोसमधील विजेची मर्यादा आहे तशीच ठेवावी. बोर्ड आणि प्रोसेसर परवानगी देत असतील, तर व्होल्टेज थोडे थोडे कमी करून पाहावे. त्याच वेगाला व्होल्टेज १० टक्के कमी झाले, तर सुमारे १९ टक्के वीज वाचते. मर्यादेतच राहून प्रोसेसरला अधिक वेग घेता येतो. प्रत्येक पायरीनंतर अर्धा तास जड काम देऊन तपासावे. संगणक अडकला, तर एक पायरी मागे यावे. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच काढून ठेवावी.

पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे जानेवारीत जमलेले गणित मे महिन्यात पुन्हा तपासावे. जळका वास आला तर भिंतीवरचे बटण लगेच बंद करावे. पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते.