बोट एकदाच ठेवले, आकडे पडले अकरा!
टाईपरायटर ते कॉम्प्युटर : दाबून धरलेल्या कळीची कहाणी

जर्मनीतल्या हेसन प्रांताच्या कामगार न्यायालयाने २०१३ साली एका चमत्कारिक खटल्याचा निकाल दिला. एका बँकेतला कारकून एका निवृत्त गृहस्थाच्या ६२ युरो ४० सेंटच्या व्यवहाराची नोंद करत होता. काम करता करता त्याला क्षणभर डुलकी लागली आणि बोट '२' या कळीवर टेकून राहिले. नोंद झाली २२ कोटी २२ लाख २२ हजार २२२ युरो आणि २२ सेंटची! चूक वेळीच ध्यानात येऊन दुरुस्त झाली. पण ती नोंद तपासून पुढे पाठवणाऱ्या महिला कर्मचाऱ्याला बँकेने कामावरून काढून टाकले. न्यायालयाने तिला कामावर परत घेण्याचा निर्णय दिला, म्हणून तिची नोकरी वाचली.

बातमी वाचून हसू येते. पण आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांची रोजी कीबोर्डवरच चालते. कोणी डीटीपीचे दुकान चालवतो, कोणी कोर्ट-कचेरीबाहेर अर्ज टाईप करतो, कोणी पेढीवर हिशेब लिहितो, अनेक भगिनी घरबसल्या डेटा एन्ट्री करतात. कळ दाबून धरली की अक्षर पुन्हा पुन्हा उमटते हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र ही सोय कशी आली, तिच्यात धोका कुठे आहे आणि ती आपल्या हाताप्रमाणे बसवून घेता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

एक ठोका, एक अक्षर

अमेरिकेत शोल्स आणि त्यांच्या साथीदारांना १८६८ साली टाईपरायटरचे पेटंट मिळाले. १८७४ साली रेमिंग्टनच्या कारखान्यात तयार झालेली यंत्रे बाजारात आली. पुढे भारतातही हा धंदा रुजला आणि १९५५ साली गोदरेजने देशात बनवलेला टाईपरायटर बाजारात आणला. या सर्व मॅन्युअल यंत्रांत ताकद बोटाची असे. कळ दाबली की अक्षराची दांडी उसळून रिबनवर आपटते. त्याच वेळी दातेरी चाकाची खिटी एक दात सोडते आणि कॅरेज एक घर पुढे सरकते. तेवढ्यावर काम संपले. मग कळ तासभर दाबून धरा, दुसरे अक्षर उमटणार नाही. त्यासाठी बोट उचलून नवा ठोका द्यावा लागतो.

मॅन्युअल यंत्रात एकच गोष्ट आपोआप होऊ शकत होती, ती म्हणजे कॅरेजचे सरकणे. कॅरेज ओढणारी स्प्रिंग आधीच ताणून ठेवलेली असते, तिला बोटाच्या ताकदीची गरज नाही. म्हणून काही पोर्टेबल यंत्रांत एक जादा कळ देणे जमले. ती दाबून धरली की कॅरेज घरामागून घर सरकत जाई. पण मथळ्याखाली रेघ मारायची असेल किंवा अर्जात सहीसाठी टिंबांची ओळ टाकायची असेल, तर पन्नास-साठ ठोके बोटानेच द्यावे लागत. दिवसभरात असे शंभर अर्ज करणाऱ्या टायपिस्टच्या बोटांचे काय होत असेल, याची कल्पना जुन्या मंडळींना आहे.

मोटर आली, धोकाही आला

१९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या जेम्स स्मॅथर्स यांनी विजेच्या ताकदीवर चालणारा टाईपरायटर तयार केला. त्याच परंपरेतून निघालेली इलेक्ट्रोमॅटिक ही कंपनी आयबीएमने १९३३ साली विकत घेतली आणि विजेचे टाईपरायटर कचेऱ्यांत स्थिरावले. या यंत्रात एक रबरी रोलर सतत फिरत असतो. कळ दाबली की त्या अक्षराची छोटी चकती रोलरला टेकते, रोलर तिला ओढतो आणि अक्षराची दांडी कागदावर आपटते. बोटाचे काम आता फक्त इशारा देण्याचे राहिले.

येथेच नवा प्रश्न उभा राहिला. रोलर थांबत नाही. बोट कळीवर जरा जास्त वेळ राहिले, तर अक्षरांची रांगच लागेल! म्हणून आधी पुनरावृत्ती रोखण्याची तजवीज करावी लागली. चकती आपला फेरा संपवून अडते आणि बोट उचलल्याखेरीज पुन्हा सुटत नाही, अशी अडण बसवली गेली. मग मोजक्या कळींनाच ती अडण ओलांडण्याची परवानगी मिळाली.

आयबीएमच्या यंत्रांत अशा कळींना टायपॅमॅटिक म्हणत. १९६१ साली बाजारात आलेल्या प्रसिद्ध सिलेक्ट्रिक टाईपरायटरवर स्पेस बार, बॅकस्पेस आणि रेघेची कळ या जातीच्या होत्या. हलका दाब दिला की एक रेघ, आणखी खोल दाबून धरली की रेघांमागून रेघा. म्हणजे टायपिस्टचा इरादा यंत्र दाबावरून ओळखत होते. 'क' किंवा 'ख' सलग वीस वेळा कोणालाच नको असतो, म्हणून अक्षरांना ही मुभा नव्हती. मागणी कुठे आहे आणि कुठे नाही, हे पाहून केलेला हा शहाणपणाचा व्यवहार होता.

दुसरा मार्ग वेगळ्या कळीचा. १९६३ साली आलेल्या टेलिटाईप मॉडेल ३३ या तारयंत्रावर 'रिपीट'ची स्वतंत्र कळ होती. १९७७ च्या ॲपल टू कॉम्प्युटरवरही ती होती. एका बोटाने रिपीट आणि दुसऱ्याने हवे ते अक्षर धरायचे. चुकून काही घडण्याची भीती नाही, पण एका कामाला दोन बोटे अडकतात. १९८३ च्या ॲपल टू-ई या मॉडेलमध्ये ही कळ काढून टाकली गेली. कोणतीही कळ दाबून धरली की अक्षर आपोआप पुन्हा उमटू लागले.

दाबाऐवजी वेळ

हे शक्य झाले ते चिपमुळे. कीबोर्डच्या आतली छोटी चिप कळींच्या आडव्या-उभ्या तारा सेकंदाला अनेकदा तपासत राहते. कळ खाली गेली की एक संकेत, वर आली की दुसरा. या दोन संकेतांमध्ये किती वेळ गेला ते मोजता येते. म्हणून इरादा ओळखण्याचे काम आता दाबाऐवजी वेळेवर सोपवले गेले.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डमध्ये हिशेब असा होता : पहिले अक्षर लगेच, मग अर्धा सेकंद थांबायचे, आणि तरीही बोट उचलले नाही तर सेकंदाला दहा अक्षरे. १९८४ च्या पीसी एटीपासून हे दोन्ही आकडे बदलण्याची सोय आली. थांबण्याचा वेळ पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत, आणि वेग सेकंदाला दोनपासून तीस अक्षरांपर्यंत. काहीच बदल केला नाही, तर अर्धा सेकंद आणि सेकंदाला सुमारे अकरा अक्षरे. आजच्या यूएसबी कीबोर्डमध्ये कीबोर्ड फक्त कोणती कळ खाली आहे ते कळवतो. पुनरावृत्तीचे काम विंडोजसारखी प्रणाली करते.

आता जर्मनीतल्या त्या रकमेकडे परत या. तिच्यात अकरा वेळा '२' आहे. अर्धा सेकंद आणि सेकंदाला अकरा या नेहमीच्या हिशेबाने त्यासाठी जेमतेम दीड सेकंद पुरतो. एका डुलकीला तेवढाच वेळ लागतो.

कोर्टाबाहेरचे चाचा

आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग टायपिस्ट वर्षानुवर्षे कोर्टाबाहेर मॅन्युअल मशीनवर बसत. वय झाले, बोटे थोडी थरथरू लागली, कळीवरून हात पटकन उचलला जाईना. मशीनवर त्याने काही बिघडत नव्हते, कारण ते दाबून धरलेल्या कळीचे दुसरे अक्षर उमटवतच नसे. मग गिऱ्हाईक कॉम्प्युटरची प्रत मागू लागले. चाचा एका दुकानात बसून टाईप करू लागले, तर प्रत्येक ओळीत दोन-दोन, तीन-तीन अक्षरे. दुकानातला मुलगा म्हणाला, "चाचा, आता राहू द्या, तुमच्याने होणार नाही." चाचा निमूटपणे घरी गेले आणि काही महिने त्यांचे काम बंद पडले.

दोष हाताचा नव्हता. कॉम्प्युटरमध्ये थांबण्याचा वेळ सर्वांत कमी ठेवलेला होता. पुढे कोणीतरी तो वाढवून दिला आणि चाचांचे अर्ज पुन्हा स्वच्छ निघू लागले. दोन मिनिटांच्या कामासाठी एका कारागिराची रोजी गेली होती.

अशा हातांचा विचार जाणकारांनी फार पूर्वी केला आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपंग व थरथरत्या हातांच्या लोकांसाठी कीबोर्डच्या सोयी तयार केल्या. विंडोज ९५ पासून त्या फिल्टर कीज या नावाने प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आल्या. त्यांच्या मदतीने पुनरावृत्ती संथ करता येते किंवा साफ बंद करता येते. एकाच कळीवर लागोपाठ पडलेला दुसरा ठोका सोडून देता येतो. क्षणभर टेकलेले बोट दुर्लक्षित करता येते. यासाठी एक पैसाही खर्च नाही.

दुकानदारांनी ध्यानात ठेवावे

पहिली गोष्ट. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'कीबोर्ड' उघडा. तिथे 'रिपीट डिले' म्हणजे थांबण्याचा वेळ आणि 'रिपीट रेट' म्हणजे वेग असे दोन सरकते खटके दिसतील. रकमांचे काम जास्त असेल तर थांबण्याचा वेळ वाढवा. मजकूर दुरुस्तीसाठी बाणाच्या कळी सतत लागत असतील तर वेग वाढवा, थांबण्याचा वेळ मात्र फार कमी करू नका.

दुसरी गोष्ट. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज सुरू करण्याची विचारणा पडद्यावर येते. घाईत 'हो' म्हटले की कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो, हलक्या ठोक्याने अक्षर उमटत नाही. नवा कीबोर्ड विकत आणण्याआधी ही सोय चुकून चालू झाली आहे का, ते पाहा.

तिसरी गोष्ट. बोट लगेच उचलूनही एकच ठराविक अक्षर दोनदा उमटत असेल, तर तो सेटिंगचा दोष नव्हे. कळीखालचा खटका झिजला आहे किंवा आत धूळ, चहा गेला आहे. खटका जुळताना काही क्षण थरथरतो आणि चिप ती थरथर गाळून टाकते, पण खटका फार झिजला की थरथर गाळणीतून निसटते. तेव्हा कीबोर्ड साफ करावा किंवा बदलावा.

चौथी गोष्ट मराठीची. युनिकोडमध्ये वेलांटी किंवा मात्रा दोनदा पडली, तर दुसरी सहसा ठिपक्यांच्या गोलावर बसते आणि चूक लगेच दिसते. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मात्र दुसरा अनुस्वार पहिल्यावरच बसू शकतो आणि डोळ्याला दिसत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेताना अशा जोडचुका तपासून घ्याव्यात.

पाचवी गोष्ट अरबी कामाची. अरबी कीबोर्डवर शब्द लांबवणारी ततवीलची कळ असते. विंडोजच्या नेहमीच्या अरबी मांडणीत ती शिफ्टसह इंग्रजी जे या कळीवर मिळते. दाबून धरली की शब्द लांबत जातो. दावतनाम्याच्या मथळ्याला ते शोभते. पण यादी, नावे आणि पत्ते यांत ततवील टाकू नका, कारण नंतर तो शब्द शोधताना सापडत नाही.

लिहिणाऱ्याची जबाबदारी

या सर्व शोधांचे सार एका प्रश्नात आहे : माणसाने कळ मुद्दाम धरली की बोट नुसते राहून गेले? कारागिरांनी त्याचे उत्तर आधी दाबात शोधले, मग वेगळ्या कळीत, मग वेळेत. पण अर्ध्या सेकंदाचा नियम सर्व हातांना सारखा लागू पडत नाही आणि झोपलेल्या माणसाचा इरादा तर कोणतीच चिप ओळखू शकत नाही.

पाच हजारांच्या जागी पन्नास हजार व्हायला एक जादा शून्य पुरते, आणि ते कळीवर क्षणभर रेंगाळलेल्या बोटाने पडते. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याचा आदेश आहे. त्या काळी लेखणी होती, आज कीबोर्ड आहे. दुसऱ्याची रक्कम, नाव, जमिनीचा गट क्रमांक आपल्या बोटांखालून जातो, ती अमानत आहे. म्हणून रक्कम टाईप केली की ती अक्षरी वाचून पाहावी आणि मगच एंटर दाबावे. आपल्या दुकानात एखादे चाचा कामाला असतील, तर त्यांना घरी पाठवण्याआधी कंट्रोल पॅनेल उघडून पाहावे.