एका फुफ्फुसावर श्वास

“एकदा भूल दिली की मग तुम्ही करता काय?” आमच्या बडोद्यात कोजागिरीच्या दुधाबरोबर हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. फुफ्फुसाच्या ऑपरेशनपुरतं सांगायचं, तर आम्हा भूलतज्ज्ञांचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

ज्या फुफ्फुसावर सर्जनला काम करायचंय, ते हलून चालत नाही. पेशंटचा श्वास तर चालूच हवा. म्हणून एक फुफ्फुस मिटवायचं आणि दुसऱ्यावर सगळा कारभार चालवायचा. त्यासाठी डबल ल्युमेन ट्यूब असते: एकाच नळीत शेजारी शेजारी दोन वाटा. एक वाट मुख्य श्वासनलिकेत उघडते, दुसरी त्याखालच्या एका फाट्यात, बहुतेक वेळा डाव्या. उजवा फाटा आखूड, जेमतेम दोन सेंटिमीटर. नळीचा फुगा जरा चुकीचा बसला तरी वरच्या भागाकडे जाणारी वाट बुजते. डावा पाचेक सेंटिमीटरचा, थोडं मागंपुढं झालं तरी निभावतं. गंमत म्हणजे स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांनी १९४९ मध्ये अशी नळी पुढे आणली ती दोन्ही फुफ्फुसांची क्षमता वेगवेगळी मोजायला. ऑपरेशनसाठी ती वर्षभरातच वापरात आली.

सगळ्यात जोखमीचा पेशंट म्हणजे जुन्या टीबीनं पोखरलेल्या फुफ्फुसातून रक्त पडणारा. ते रक्त चांगल्या बाजूला उतरलं तर माणूस त्यातच गुदमरेल. अशा वेळी नळीचा तो इवलासा फुगा धरणाच्या भिंतीसारखा उभा असतो, आणि त्यात हवा किती? दोन-तीन मिलिलिटर, जास्त नाही.

नळी बसली की बारीक दुर्बिणीतून तिची जागा पाहतो. पेशंटला कुशीवर वळवल्यावर पुन्हा पाहतो, कारण वळवताना ती हमखास सरकते. मिटवलेल्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि बरंचसं रक्त चालू बाजूकडे वळतं. शरीराची ही समज मला अजूनही थक्क करते. तरीही ऑक्सिजन उतरू लागला, तर सर्जनला “जरा थांबा” म्हणायला मी लाजत नाही.

ऑपरेशनआधी हलणारा दात, सिगारेट, तंबाखू, काहीही आमच्यापासून लपवू नका. घरच्यांसमोर संकोच वाटत असेल तर एकट्यात सांगा.

नातेवाईक हळूच विचारतात, “बंद केलेलं पुन्हा चालू होतं ना?” होतं. शेवटी मी हळूहळू हवा भरतो. मलूल, चिमलेला तो गोळा कोपऱ्याकोपऱ्यातून फुलत गुलाबी होतो. तेवढा वेळ सर्जनही हात थांबवून बघत राहतात.