तळ्याचा कोणता काठ?

आमच्या घराण्याचा वाऱ्याशी संबंध आला तो जमाखर्चाच्या वहीतून. सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा घसाऱ्याची सवलत पाहून पेठेतील अनेकांनी त्यांत भांडवल घातले. आम्हीही चुलतभावांच्या भागीदारीत एक यंत्र घेतले. महिनाअखेरीस किती युनिटे झाली, एवढेच वाऱ्याविषयी आम्हांस कळत असे. तो कोठून आला, कशाला अडून आला, याची चौकशी हळदीच्या अडत्याने का करावी? ती चौकशी मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी शिकलो, तीही परदेशात, मुलीच्या मोटारीत बसून.

मुलगी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलव्हेन या गावी राहते. तेथे रस्त्यात मराठी कानी पडले तर आता कोणी वळून पाहत नाही. गेल्या जून महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे तीन आठवडे होतो. तिच्या घरात पलंगाखाली एक भलीमोठी पिशवी होती. आत काय आहे म्हणून विचारले, तर म्हणाली, "पतंग आहे, बाबा." संक्रांतीचा कागदी पतंग तेवढा मला ठाऊक. हा निघाला नऊ चौरस मीटरचा, म्हणजे आमच्या जुन्या दुकानाच्या गादीएवढा!

या खेळास काइटबोर्डिंग म्हणतात. पतंगाची पुढील कड पंपाने हवा भरून ताठ करतात. वीस ते पंचवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या हातातील दांड्याला जोडलेल्या असतात आणि दांडा कमरेच्या पट्ट्यात अडकवतात. पायाखाली फळी असते. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून सरकत जातो. साधारणपणे बारा ते पंचवीस नॉट, म्हणजे ताशी बावीस ते शेहेचाळीस किलोमीटर वेगाचा वारा या खेळास लागतो. संकट आले तर पतंगाची ओढ क्षणात तोडणारी एक कडी छातीशी असते. तिने ती कडी मला प्रथम दाखवली. बाकीचे सारे नंतर.

त्या रात्री जेवताना तिने आदल्या वर्षीची एक गोष्ट सांगितली. ती आम्हांला तोवर कळवलेली नव्हती. होर्न या गावाजवळ मार्करमेर तळ्याचा उत्तर काठ आहे. छायाचित्रात ती जागा फार सुंदर दिसली म्हणून ती एकटीच तेथे गेली. वारा उत्तरेचा होता, म्हणजे गावाकडून पाण्याकडे जाणारा. काठाजवळ पाणी आरशासारखे शांत होते आणि तिला तेच आवडले. पण ते पाणी शांत होते ते बांध, झाडे आणि घरे यांच्या आडोशामुळे. दोनशे मीटर आत जाताच वारा एकदम अंगावर आला, पुन्हा पडला, पुन्हा आला. पतंग पाण्यात कोसळला तो उठेचना. मागचा वारा तिला काठापासून दूर, उघड्या पाण्याकडे नेत राहिला. तासाभराने एका शिडाच्या नावेने तिला उचलले. हे ऐकताना तिच्या आईने ताटावरची मान वर केली नाही.

दोष कोणाचाच नव्हता. तळे चांगले होते, वाराही चांगला होता. चुकला होता तो काठ.

समुद्राचा किनारा एका बाजूस असतो. तळ्याला काठ चारी बाजूंनी असतो. त्यामुळे समुद्रकाठी वारा उलटा असेल तर त्या दिवशी घरी बसावे लागते, तळ्याचे मात्र तसे नसते. वारा कोणत्याही दिशेचा असो, त्या दिशेस योग्य असा एखादा काठ बहुधा सापडतो. उत्तम वारा तो, जो काठाला समांतर किंवा किंचित तिरपा होऊन पाण्याकडून जमिनीकडे येतो. पतंग पडला तरी तो माणसाला काठाकडेच आणून सोडतो. थेट समोरून येणारा वारा नवशिक्यास काठावरच्या दगडांवर नेतो आणि पाठीमागून येणारा वारा तळ्यात नेऊन सोडतो. "तळ्याला पलीकडचा काठ आहेच की, कुठे तरी लागशीलच," असे मी म्हणालो. तिने नकाशा उघडला. पलीकडचा काठ अनेक किलोमीटरांवर होता.

या तळ्यांची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. पूर्वी येथे झाउडरझे नावाचा समुद्राचा आखात होता. १९१६ च्या महापुरानंतर कोर्नेलिस लेली या अभियंत्याची योजना पुढे आली आणि १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा आफ्स्लाउटडाइक हा बांध पुरा होऊन समुद्र बाहेर राहिला. आतील पाणी नद्यांनी हळूहळू गोडे केले. त्याचे नाव आयसेलमेर. पुढे १९७० च्या दशकात आणखी एका बांधाने त्याचा दक्षिण भाग वेगळा झाला, तोच मार्करमेर. दोन्ही तळी विस्तीर्ण असूनही उथळ आहेत. सरासरी खोली चार-पाच मीटरांच्या आसपास. उथळपणामुळे लाटा लहान पण तुटक व उभ्या उठतात. अशा पाण्यात फळी चालवणे समुद्रापेक्षा सोपे, हा माझा समज तिने पहिल्याच दिवशी दूर केला.

तिच्या वहीत तीन गावांची नावे वर होती. ॲम्स्टरडॅमजवळचे माउडरबेर्ख पाण्याच्या दक्षिण काठावर आहे, त्याचे तोंड उत्तरेकडे. म्हणून ते उत्तरेच्या वाऱ्यासाठी. होर्नजवळचे स्खेलिंकहौट उत्तर काठावर, तोंड दक्षिणेकडे. म्हणून ते दक्षिणेच्या वाऱ्यासाठी. आणि पलीकडे फ्रीसलंड प्रांतातील वर्कुम, ज्याचे तोंड पश्चिमेकडे आहे. त्या देशात नैर्ऋत्येचा वारा सर्वांत अधिक वाहत असल्यामुळे वर्कुमला जाण्याचे दिवस अधिक. तेथे काठापासून बरेच आत गेले तरी पाणी कमरेएवढे असते, म्हणजे पडलेला माणूस उभा राहू शकतो. नवशिक्याला याहून मोठी सोय नाही. ज्या जागी तिचे संकट ओढवले, तीच जागा दक्षिणेच्या वाऱ्यात निर्धोक ठरली असती, हे नकाशावर बोट ठेवून पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले.

काठ ठरला तरी चौकशी संपत नाही. वारा ज्या बाजूने येतो तिकडे काय उभे आहे, हे आधी पाहायचे. झाड किंवा इमारत जितकी उंच, तिच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत वारा मोडलेला असतो, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. दहा मीटर उंचीची झाडांची रांग असेल तर शंभर मीटरपर्यंत वाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मग वारा ज्या बाजूला जातो तिकडे पाहायचे. पतंग चढवताना हात सुटला तर दोऱ्यांच्या लांबीच्या दुप्पट तरी जागा मोकळी हवी. विजेच्या तारा नकोत, मोटारी नकोत, खेळणारी मुले तर नकोतच. डच बांधांना पाण्याच्या बाजूने बसाल्टचे काळे दगड बसवलेले असतात. ते दिसायला सुरेख असले, तरी त्यांवर आपटलेल्या माणसाला त्या सौंदर्याचे कौतुक राहत नाही.

आणि पाणी? उन्हाळ्यात या तळ्यांत पाणवनस्पती इतकी वाढते की फळीखालची पाती तिच्यात गुंतून माणूस तोंडावर पडतो. उष्ण दिवसांत निळे-हिरवे शेवाळ येते; त्याची सूचना लागली की पाण्यात उतरायचे नाही. मासेमारांच्या जाळ्यांचे खुंट असतात. पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा राखीव असतात, म्हणून पतंगाला परवानगी नेमून दिलेल्या जागांपुरतीच. इतके पाहणारी मुलगी भाजी मात्र न पाहता उचलते, असे तिच्या आईने मध्येच सांगून घेतले.

मला सर्वांत पटली ती तिची एक रीत. नव्या जागेच्या पहिल्या भेटीस ती पतंग बरोबर नेतच नाही. सायकलने किंवा आगगाडीने जाते, काठाने चालते, झेंडे आणि गवत कोणत्या बाजूस झुकते ते पाहते, तेथे नेहमी येणाऱ्या दोघा-तिघांशी बोलते आणि परत येते. "पतंग गाडीत असला की जागा चांगलीच दिसते," असे ती म्हणाली. माझे वडील म्हणत, माल पाहायला जाताना विसाराची रक्कम खिशात नेऊ नये. त्यांना हा खेळ ठाऊक नव्हता आणि तिला त्यांचे वाक्य ठाऊक नव्हते.

शनिवारी नैर्ऋत्येचा वारा होता, बोफोर्ट मापनाने पाच, म्हणजे सतरा ते एकवीस नॉट. दुपारनंतर तो पश्चिमेकडे फिरेल आणि ढग येतील, असा अंदाज होता. आम्ही वर्कुमला निघालो. वाट आफ्स्लाउटडाइकवरून जाते. एका बाजूस बांधाची भिंत, तिच्यापलीकडे समुद्र. दुसऱ्या बाजूस तळे, आणि तळ्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या ८९ पवनचक्क्या. मी सवयीने मनात गुणाकार करू लागलो. मुलगी मात्र पात्यांची तोंडे कोणीकडे आहेत ते पाहत होती. पवनचक्की आपले तोंड वाऱ्याकडे वळवते, ही गोष्ट यंत्राचा भागीदार असूनही मी कधी उपयोगात आणली नव्हती.

काठावर पोहोचल्यावर तिने वीस मिनिटे काहीच केले नाही, नुसती पाहत बसली. मग पतंगात हवा भरली, दोऱ्या दोनदा तपासल्या आणि पतंग मला धरायला दिला. पतंग सोडायला दुसरा माणूस लागतो. "मी अंगठा वर केला की सोडा. फेकू नका, ढकलू नका, फक्त सोडा." हातातील ती नऊ चौरस मीटरची वस्तू जिवंत जनावरासारखी हिसके देत होती. अंगठा वर झाला. बापाला मुलीची वस्तू अशी वाऱ्यावर सोडून देणे किती कठीण जाते, ते येथे लिहून सांगता येणार नाही. सोडली. पतंग वर गेला, ती पाण्यात गेली आणि पाहता पाहता लहान झाली.

चाळीस मिनिटांनी पश्चिमेस एक काळी रेघ दिसू लागली. पाण्यावर दहा-बारा पतंग होते आणि वारा उत्तम होता. ती काठाकडे वळली, पतंग उतरवला आणि गुंडाळू लागली. "एवढ्यासाठी दीड तास आलो?" असे माझ्या तोंडून गेले. ती म्हणाली, "त्या साली भाव चढत असताना तुम्ही हळद का काढून टाकली होती?" मी गप्प बसलो. आम्ही गाडीत डबा उघडला तोवर पहिला झोत आला. बाकीचे घाईने काठाकडे येऊ लागले. एकाचा पतंग वेळूत जाऊन फाटला. माणूस सुखरूप होता. जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो. झोत निघून गेल्यावर पुन्हा खेळता आले असते, पण ती नको म्हणाली, आणि तिच्या आईने तिला दुसरी पोळी वाढली.

परत आल्यावर नातलगांतील दोन तरुणांनी मला विचारले, "आपल्या धरणांवर हे होईल का?" उजनीचा जलाशय विस्तीर्ण आहे आणि सांगलीहून फार दूरही नाही. पण तिच्या वहीतील प्रश्न लावून पाहिले की अडचण उघड होते. आमच्याकडे जोरदार, एकसारखा पश्चिमेचा वारा जून ते ऑगस्टमध्ये असतो, आणि जूनमध्ये धरण तळाला गेलेले असते. काठ रोज सरकतो, बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरी, झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर दिसू लागते ते याच ओहोटीत. धरण भरते तेव्हा वारा ओसरलेला असतो, आणि हिवाळ्यात भिगवणच्या उथळ पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. तेथे पतंग नेणे योग्य नव्हे. वळवाच्या दिवसांतला वारा तर खेळण्याचा नव्हेच. २०२४ च्या मे महिन्यात अशाच अचानक उठलेल्या वादळी वाऱ्यात उजनीत प्रवासी नाव उलटून सहा जणांचा जीव गेला. आयसेलमेरची पातळी बांध आणि दरवाजे यांच्या साहाय्याने फारशी हलू देत नाहीत. तेथील काठ ओळखीचा राहतो. आमच्या धरणाचा काठ दर महिन्यास नवा असतो, आणि त्याची खरी माहिती जाळी टाकणाऱ्या कोळ्यांनाच असते. पाटबंधारे खात्याची परवानगी ही त्यानंतरची गोष्ट.

दोघे तरुण थोडे हिरमुसले. मी नाही म्हटलेले नाही. कोणता काठ, कोणत्या महिन्यात, पाणी किती असताना, एवढे पाहायचे आहे. भिगवणच्या एका कोळ्याशी माझे दोनदा बोलणे झाले. पाण्याखाली कोणत्या गावाचा कोणता माळ आहे ते त्याला तोंडपाठ आहे.

दिवाळीत मुलगी येणार आहे. दोन दिवस उजनीच्या काठाने फिरून यायचे ठरले आहे. पतंग तिकडेच ठेवून ये, असे मी तिला कळवले आहे.